कागदावरचे हात

भट्टीच्या खोलीत उजेड एकदम शिरत नसे. आधी पत्र्याच्या कडेखालून एक करडी पट्टी जमिनीवर उतरायची आणि कुणी वाळत घालायला विसरलेल्या फडक्यासारखी बराच वेळ तिथेच पडून राहायची. मग तिला हळूहळू रंग चढायचा. तिचा एक तुकडा पाण्याच्या दगडी कुंडात पडला की वर छताच्या काजळीवर थरथरते डाग उमटायचे. पाणी स्थिर असले तरी डाग हलतच राहायचे. नंतर पत्र्याच्या खिळ्याच्या भोकातून एक बारीक किरण यायचा आणि त्यात कोळशाची धूळ तरंगू लागायची. घरातल्या मोठ्या माणसाने सकाळी उठून सगळे जागच्या जागी आहे ना ते बघत फिरावे, तसा तो किरण भात्यावरून ऐरणीवर, ऐरणीवरून सांडशांच्या रांगेवर सरकत जायचा आणि शेवटी समोरच्या भिंतीवर चढायचा. तिथे कागद टांगलेले होते. प्रत्येक कागदावर एक हात होता.

घुम्याला हा उजेड पाठ होता. तो पाठ असणे भागच होते, कारण विळ्याला पाणी द्यायचे तर खोली अंधारी लागते. पाते तापत तापत आधी काळपट लाल होते, मग उजळ लाल. ते केशरीकडे झुकायच्या आत पाण्यात गेले पाहिजे. त्या अर्ध्या श्वासात चुकले तर विळा पुढे काचेसारखा तडकतो. आधीच बुडवला तर पहिल्याच फांदीवर वाकतो. उजेडात हे रंग फसवतात. म्हणून किरण ऐरणीवर यायच्या आत त्याचे पाणी देऊन झालेले असे, आणि घर जागे होईपर्यंतचा उरलेला वेळ त्याचा एकट्याचा असे.

तो बोलत नाही म्हणून लहानपणी कुणीतरी त्याला घुम्या म्हटले आणि ते नाव त्याला चिकटले. आता पंचवीस वर्षांचा झाला तरी अप्पासुद्धा त्याला तेच म्हणत. अप्पा म्हणजे त्याचे वडील. नजर गेल्यापासून ते दाराशी स्टुलावर बसत आणि घणाच्या आवाजावरून काम ओळखत. थोरला भाऊ, दादा, पूर्वी हाच घण चालवत असे. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा खांदा निखळला आणि नीट बसला नाही. तेव्हापासून त्याचा हात छातीच्या वर जात नव्हता. तो आता फक्त लाकडी मुठी तासायचा, त्या पात्यांत बसवायचा, आणि बोलायचा.

बोलण्यावरच आता घर चालले होते, आणि घुम्याला सलत होते ते हेच.

दोन हंगाम पावसाने ओढ दिली. जे काही पिकले ते कापायला यंत्र आले, आणि ज्या शेतात चाळीस विळे चालायचे तिथे एक माणूस यंत्रावर बसून दुपारपर्यंत मोकळा होऊ लागला. बाजारात मांडलेले विळे संध्याकाळी तसेच पोत्यात परत येत. तेव्हा दादाने वहिनीचा जुना फोन घेतला आणि भट्टीच्या खिडकीत ठेवला, कारण घरात कुठेच रेंज येत नसे, ती फक्त या खिडकीत यायची. त्याने घुम्याच्या हातांचा व्हिडिओ काढला. घुम्याने तोंड दाखवायला नकार दिला होता, म्हणून नुसते हात, लाल पाते, घण, आणि पाण्यात शिरताना उठलेला तो एक चर्र आवाज. तो व्हिडिओ कुठून कुठे गेला कोण जाणे. महिनाभरात लांबलांबची माणसे विळे मागू लागली.

एकाने तक्रार केली, मूठ हातात फिरते. दादाने त्याला निरोप धाडला की कागदावर हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवा, शेजारी आगपेटी ठेवा आणि फोटो पाठवा. आगपेटी सगळीकडे सारखीच असते. तिच्या मापावरून दादाने तो हात कागदावर पुन्हा खऱ्या आकाराचा काढला आणि त्या हाताला बसेल अशी मूठ तासली. गिऱ्हाईक इतके खूश झाले की त्याने आणखी चौघांना सांगितले. मग तो रिवाजच पडला. जो येईल त्याचा हात भिंतीवर. दादाला प्रत्येक हाताची कुंडली ठाऊक असे. या हाताला तर्जनी अर्धीच आहे, या हाताची मुलगी परीक्षेला बसली आहे, या हाताची म्हैस व्यायली. तो अंगठ्याने बटण दाबून धरून फोनशी बोलत बसायचा, कारण त्याचे लिहिणे वाचणे जेमतेम होते. त्याचे सगळे संदेश बोलके असत. पलीकडून उत्तरे लिहून येत. दादा, विळा उत्तम. दादा, तुमच्यासारखा माणूस नाही. दादा, खांदा कसा आहे?

हातोडा त्याचा, घाम त्याचा, आणि नमस्कार मात्र दादाला. घुम्याने हे कुणाला बोलून दाखवले नाही. बोलून दाखवण्यासारखे होते तरी काय? थोरल्या भावाला लोक दादा म्हणतात, ही काय तक्रार झाली?

मुठींसाठी लाकूड आणून देणारा सुतार मात्र बोलून मोकळा व्हायचा. एकदा ओंडके उतरवता उतरवता तो म्हणाला, "तुझ्या भावाचा व्हिडिओ बघितला. ते हात कुणाचे रे?"

"माझे."

"असं होय. मला वाटलं, भाड्याने आणले."

अप्पा स्टुलावरून हसले, दादाही हसला, आणि घुम्यालाही हसावे लागले. त्या दिवशी तीन पाती त्याने गरजेपेक्षा जास्त ठोकून पातळ केली आणि मोडीत टाकली.

त्यानंतर केव्हातरी तो सकाळचा फोन बघू लागला. पाणी देऊन झाले की खिडकीशी जायचा. रात्रीतून आलेल्या संदेशांपुढे हिरवे ठिपके असायचे. त्याला कुठे तरी त्या ओळींत आपले नाव, निदान आपली खूण सापडायला हवी होती. लोहार, पाणी देणारा, तो दुसरा, काहीही. तो एखादी ओळ उघडून वाचायचा. दादा, दादा, दादा. ठिपका गेलेला असायचा. वर दादाने काय म्हटले होते ते ऐकायचे म्हणजे आवाज झाला असता आणि मागच्या खोलीत वहिनी जागी झाली असती. म्हणून ती बाजू त्याने कधी ऐकली नाही. तो लोकांचे तेवढे वाचायचा, फोन होता तसा पालथा घालायचा आणि भात्याशी परतायचा.

दादाचा अक्षरांपेक्षा ठिपक्यांवर भरवसा होता. ठिपका असेल तिथे तो बोट ठेवी, वहिनीला बोलावून वाचून घेई आणि उत्तर देई. ठिपका नसेल ते त्याच्या लेखी झालेले असे. एकदोनदा कुणी लटके रागावले की दादा, वाचलंत पण बोलला नाहीत; तेव्हा दादाने कपाळावर हात मारून माफी मागितली आणि वहिनीला म्हणाला की वय झालं माझं. तो बत्तीस वर्षांचा होता.

सगळ्यांत जास्त बोलणे व्हायचे ते बागवाल्या ताईंशी. त्या कुठे तरी दूर फळबाग चालवीत. सात महिन्यांपूर्वी त्यांनी छाटणीचा एकच विळा मागवला होता. दादाने पैसे मिळाल्यावर विषय संपवला नाही. विळा कसा चालतोय ते विचारले, धार बोथट झाली तर कोणत्या दगडावर लावायची ते सांगितले, त्यांच्या आईचा गुडघा दुखतो हे कळल्यावर दर आठवड्याला गुडघ्याची चौकशी केली. अप्पा म्हणत की विळा विकतोय का वैद्यकी करतोय? पण ताईंनी दुसरा विळा घेतला, मग तिसरा. आणि आता त्या म्हणत होत्या की बागेत छाटणीला अकरा बायका आहेत, बाजारची मूठ त्यांच्या हातांना मोठी पडते, फोड येतात. अकराजणींचे हात काढून पाठवते. ते विळे बसले, तर आजूबाजूच्या चार बागांचे मिळून दीडशे.

दीडशे विळे म्हणजे पुढच्या पावसापर्यंत भट्टी विझणार नव्हती. नाहीतर दादाचे ठरले होते; त्याने ते जेवताना शांतपणे सांगितले होते. घुम्याने शहरातल्या गजांच्या कारखान्यात जायचे, आणि भट्टीची जागा सुताराला लाकूड ठेवायला द्यायची. अप्पांनी तेव्हा हातातला घास ताटात परत ठेवला होता.

"त्या हात पाठवतील," दादा म्हणाला होता. "घाई करायची नाही. तगादा लावला की माणूस दूर जातं."

ते हात एका मंगळवारी सकाळी आले.

घुम्याने नुकतेच सहा पात्यांना पाणी दिले होते. बोटांवर कोळसा, मनगटावर वाफेचा ओलावा. खिडकीतला फोन दोनदा थरथरला. बागवाल्या ताई. त्याने पाहिले, ठिपका पाहिला, आणि त्यावर अंगठा ठेवला. एकापाठोपाठ एक अकरा फोटो उघडले. अकरा कागद, अकरा हात, प्रत्येकाशेजारी आगपेटी. एका हाताला करंगळी वाकडी. एका कागदावर पेन्सिलीऐवजी काजळाची रेघ. खाली लिहिले होते: दादा, हे हात. पंधरा दिवसांत छाटणी सुरू होते, जमेल का तेवढे आज सांगा, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल. आणि या बायका विचारतात, आमच्या हातांकडे इतकं निरखून बघणारा माणूस आहे तरी कोण? त्यांना तुम्हाला बघायचंय.

ती शेवटची ओळ त्याने परत वाचली. अकरा अनोळखी बायकांनी कामावरून उठून, पदराला हात पुसून कागदावर ठेवले, ते त्याच्या भावाने बघावेत म्हणून. पोलाद त्याचे कुणी निरखले नव्हते. पाणी दिसत नाही. ते पात्याच्या पोटात असते. मूठ दिसते, हाताला लागते.

त्याने फोन पालथा घातला. किरण ऐरणीवर आला होता. दादा डोळे चोळत आत आला, डाव्या हाताने फोन उचलला, काच सदऱ्याला पुसली, ठिपके पाहिले, आणि आज ताईंचं काही नाही असे म्हणून मुठी तासायला बसला.

घुम्याने सांगायला तोंड उघडले होते, असे त्याने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितले. पण तेवढ्यात वहिनीने चहा आणला, अप्पांनी कोळशाच्या गोणीविषयी काही विचारले, आणि वेळ गेली. दुपारी सांगू. दुपारी दादा लाकूड निवडायला सुताराकडे गेला. संध्याकाळी सांगायचे तर सकाळी का सांगितले नाहीस, हे आले. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न दुप्पट झाला. त्या दिवसापासून त्याने फोनला हात लावला नाही, जणू एवढ्याने काही फिटणार होते.

बाजारासाठी त्याने खुरपी घडवली. दोन कुदळींची पाती जोडली. आकाश रोज कोरडे पांढरे उजळायचे आणि तसेच मावळायचे. दादा दिवसातून चार वेळा खिडकीशी जायचा, अधू खांद्यामुळे थोडा तिरका उभा राहून काचेवर वाकायचा. रिकाम्या वेळात त्याने कुणाचा हात नसताना, अंदाजाने, लहान मुठी तासून ठेवायला सुरुवात केली. बारीक, गुळगुळीत, हलक्या लाकडाच्या. त्या टोपलीत पडताना बोटांसारख्या वाजत.

एकदा वहिनी म्हणाली की विचारून तरी बघावं. दादाने मान हलवली. शब्द दिलाय त्यांनी, असे म्हणाला. घुम्या घण उचलून जोराने मारू लागला. अप्पांनी दाराकडून सांगितले, "घुम्या, लोखंड थंड झालंय. कशाला मारतोस?"

नवव्या दिवशी ताईंचाच फोन आला. दादाने आधी हसून नमस्कार केला, आईचा गुडघा विचारला. मग तो नुसता ऐकत राहिला. पलीकडचा आवाज चढा नव्हता, शब्द कळत नव्हते, पण दादाचा चेहरा तापून निवत जाणाऱ्या पात्यासारखा उतरत गेला. तो म्हणत होता, हो ताई. नाही ताई. मी बघितलेच नाहीत, शपथेवर सांगतो. वाचल्याची खूण दिसते, हो, तुमचं बरोबर आहे. चूक माझीच.

त्याने फोन ठेवला आणि ठिपका नसलेल्या ओळींत खाली खाली बोट नेले. अकरा हात सापडले. तो ऐरणीच्या कडेला बसला. वहिनी मागे उभी राहून वाचत होती. तिने तारीख वाचली आणि पुढचे वाचले नाही.

"दुसरीकडून घेतले त्यांनी," दादा म्हणाला. "चार बागांचेही. म्हणाल्या, एवढे दिवस घरच्यासारखं बोलायचात, आणि कामाच्या वेळी वाचून गप्प बसलात. आमच्या बायका हसल्या मला."

"तुझ्या नजरेतून सुटलं?" अप्पांनी विचारले.

"सुटलं असेल."

"मग गजांचा कारखाना," अप्पा म्हणाले. आणि त्यांनी स्टुलावर बसल्या बसल्या हाताने चाचपून दाराची चौकट धरली.

कुणी घुम्याकडे पाहिले नाही. तो सांडशी पुसत उभा होता. तीच सांडशी, तीच बाजू.

बऱ्याच वेळाने दादा उठला. माफीचा निरोप धाडतो, म्हणाला, आणि बोलायचे काय ते जुळेना म्हणून ताईंना पूर्वी काय काय म्हटले होते ते ऐकायला त्याने बोट वर वर नेले. सात महिन्यांपूर्वीचा त्याचाच आवाज खोलीत घुमला, जरा लाजरा, फोनची सवय नसलेला.

"ताई, विळा मी घडवत नाही बरं का. माझा खांदा गेलाय. घडवतो माझा धाकटा भाऊ. त्याच्या पाण्याला तोड नाही, आमच्या अप्पांनाही असं जमलं नाही कधी. तो बोलत नाही, म्हणून मी बोलतो, एवढंच. तुम्ही कौतुक लिहिलंत, ते मी त्याला वाचून दाखवलं तर तो उठून जाईल. म्हणून सध्या मीच ठेवून घेतलंय."

"अप्पांनाही जमलं नाही, हे कशाला सांगायला हवं होतं?" अप्पा म्हणाले. पण ते खूश होते.

घुम्या खरोखरच उठून गेला. विहिरीपर्यंत गेला, पाणी न काढता परत आला. तोवर दादाची माफी धाडून झाली होती, आणि त्याने भिंतीवरचे जुने चार हात काढून जागा केली होती.

"अकरा करायचे," तो म्हणाला. "त्यांनी मागितले नाहीत, पैसे येणार नाहीत. पण बायकांनी हात दिलेत, ते ठेवून घेता येत नाहीत."

पुढचे चार दिवस त्यांनी तेच केले. दादाने आगपेटीच्या मापाने अकरा हात खऱ्या आकारात काढले. घुम्याने पट्ट्या कापल्या, तापवल्या, ओढल्या, वाकवल्या. या हातांना जड पाते नको म्हणून पाठ पातळ ठेवली. वहिनी भाता ओढायला बसली. रोज अंधारात तो पाणी देई, आणि प्रत्येक पाते पाण्यात शिरताना श्वास धरून बसे. एकही तडकले नाही. काजळाच्या रेघेच्या हातावर त्याने एकदा आपला पंजा ठेवून पाहिला. कागदावरचा हात सगळा त्याच्याखाली झाकून गेला आणि कागदावर काळा ठसा उमटला. त्याने तो पुसायला जाऊन आणखी पसरवला.

शेवटच्या सकाळी दादा लवकर उठून आला. किरण अजून भात्यावर होता. तो खाली बसला, दोन्ही पावलांत मूठ धरून डाव्या हाताने पॉलिशकागद फिरवू लागला. घुम्या अकराव्या पात्याची धार बघत होता.

"माझे हात आता काळे होत नाहीत," दादा म्हणाला. "लाकडाचंच काम."

घुम्याने पाते उलटे करून दुसरी बाजू पाहिली.

"मधे रोज सकाळी फोनच्या काचेवर काळा अंगठा असायचा. मी पुसायचो. वाटायचं, असेल, बघत असेल आपलेच व्हिडिओ. बरं वाटायचं." त्याने मुठीवर फुंकर मारली, भुसा उडाला. "नऊ दिवस तो नव्हता."

किरण ऐरणीवर आला. त्यात भुसा आणि कोळसा एकत्र तरंगत होते. दारात अप्पांचे स्टूल अजून रिकामे होते.

दादाने मान वर न करता, धाकट्याला बाजारात हरवलेली वस्तू परत द्यावी इतक्या हळू विचारले, "तुला ठाऊक नसेल ना? उघडलं की तो ठिपका जातो."

वाट मोकळी करून ठेवली होती. त्याने फक्त चालायचे होते.

"नाही," घुम्या म्हणाला. "ठाऊक नव्हतं."

दादाने मान डोलावली. मूठ पुढे केली. घुम्याने तिच्यात पाते बसवले, दादाने धरले, त्याने ठोकले. तीन घाव. मूठ घट्ट बसली. दादाने विळा उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिला आणि बाकीच्या दहांजवळ ठेवला. मग तो पोते आणायला मागच्या खोलीत गेला.

भिंतीवर उजेड चढला होता. अकरा हात उजळले होते, त्यांतल्या एकावर काळा डाग.

घुम्याला ठाऊक होते. पहिल्या सकाळपासून ठाऊक होते, आणि त्या मंगळवारी ठिपका जावा म्हणूनच त्याने अंगठा ठेवला होता.